कासुर्डीच्या दगडाचे राखणदार

"हाय जाग्यावर!"

सकाळी दुकान उघडण्याआधी चाचा रस्त्याकडेच्या दगडावर थाप मारायचे आणि असं मोठ्यानं जाहीर करायचे. कुणी काही विचारलेलं नसायचं.

कासुर्डीला हमरस्त्यालगत, लिंबाखाली, ते बैलांना नाल ठोकत. आमच्या मोजणीखात्यानं त्यांच्या दुकानासमोर जमिनीच्या उंचीची खूण म्हणून एक दगड रोवला, तेव्हा मी त्या तुकडीत कारकून होतो. असले दगड तुमच्याही रस्त्याला असतील. बसून तंबाखू मळण्यापलीकडे त्यांचा उपयोग आपल्याला ठाऊक नसतो. निघताना आमचे साहेब सहज म्हणाले, "चाचा, एवढा दगड सांभाळा बरं का." साहेब ते पुढच्या मुक्कामी विसरले. चाचा विसरले नाहीत. म्हैस त्याला अंग घासायला आली की हातातला नाल टाकून धावायचे. ईदेला घराला चुना दिला की उरलेला दगडाला.

मी निमोण्याचा. गावी जाताना वाटेत उतरून त्यांच्याकडे चहा घ्यायचो. एकदा डिवचलं, "चाचा, दगड काय पळून जातोय?"

"दगड न्हाई पळत, पाव्हणं. मान्सं पळवत्यात."

मग कोयनेचा भूकंप झाला. घाटातले डोंगर वर आले की खचले, हे कळायला सपाटीवरच्या न हललेल्या दगडापासून मोजत जावं लागतं. मी आठवण करून दिली, तसा साहेबांनी कासुर्डीचाच दगड धरला, कारण त्याला राखणदार होता.

मोजत पुढं गेलो, तर प्रत्येक दगड जुन्या उंचीपेक्षा वीतभर खाली. उरुळी खचलेली, हडपसर खचलेलं, घाट तर खचलेलाच. उलटं वळून दौंडकडे मोजलं, तर तेही खाली! सगळा मुलूख बसला होता आणि कासुर्डी तेवढी उभी. साहेबांचं जेवण तुटलं. वर कळवावं तर घबराट, न कळवावं आणि खरंच खचलं असलं तर? मीसुद्धा चालताना जमिनीकडे संशयानं बघायला लागलो.

शेवटी चाचांकडे गेलो.

"या दगडाला कुणी हात लावला होता का?" साहेबांनी विचारलं.

"कुनाची बिशाद हाय!" चाचा म्हणाले. "रस्त्याला भराव टाकला तवा गाडला जात व्हता. म्हून मीच उपटला, खाली वीतभर घडीव चिरा घातला आन् चुन्यात पक्का बसवला. बघा, हलतूय का?"

दगड हलत नव्हता. साहेब त्याच्याशेजारी मटकन खाली बसले. मला हसू येत होतं.

"चाचा, दगडाला किंमत नव्हती हो," साहेब हळू म्हणाले. "तो ज्या उंचीवर होता, तिला होती."

"मग दगड कशापायी रोवला?"

साहेबांनी दगडावरून हात फिरवला. चाचा एकदा दगडाकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, माज्यापायी डोंगर खचलं का काय?"

"छे छे. डोंगर आहेत तिथंच आहेत. तुम्ही दगड चांगला सांभाळलात."

हे शेवटचं वाक्य खरं की खोटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खात्यानं तो दगड रद्द केला आणि नवा यवतला रोवला. चाचांना हे सांगायला कुणाचीच जीभ रेटली नाही.

काही वर्षांनी कासुर्डीला उतरलो, तर दुकान बंद. चाचा गेल्याचं शेजारच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं. दगडाला मात्र ताजा चुना होता. तेवढ्यात मागच्या घरातून चाची बाहेर आल्या.

"जाताना त्येच सांगून गेलं," त्या म्हणाल्या. "सरकारचा हाय, साहेब परत मोजाया येतील, हलवू नगा."

मी वाकलो आणि दगडावर थाप मारली. चाची दारात थांबून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हाय जाग्यावर," मी म्हणालो.