जवारीतली तूर

माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, दोन कागद आहेत. नातसुना विचारतात, काय लिहिलंय त्यात? मी म्हणते, माझा स्वभाव लिहिलाय. मग त्या तोंडाला पदर लावून हसतात. त्यांना वाटतं, म्हातारीचा स्वभाव कळायला कागद कशाला पाहिजे.

मला मात्र पाहिजे होता. आता नीटच सांगते.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या माळावरच्या वाशीच्या बाजूला ओळीनं दोन सालं पाऊस नीट झाला नाही, आणि सरकारनं रस्त्याचं दुष्काळी काम काढलं. कामावर बाया लई. बायांच्या टोळीवर बाईच मुकादम असावी असं वरती कुणाच्या तरी मनात आलं, आणि मला वाचता येत होतं म्हणून मी मुकादम झाले. शाळा मी पाहिली नव्हती. वाण्याच्या पुड्यांचे कागद चुलीत घालायच्या आधी उलगडून बघायचे, आणि अडलेलं अक्षर धाकट्या दिराला विचारायचे, तशी शिकले. टोळीत माझ्याखाली बारा जणी. एकीलाही सही येत नव्हती.

त्याच साली वाशीला बायांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. महिला मंडळवाल्या, सुईणी, माझ्यासारख्या एकदोघी मुकादम. शिकवायला पुण्याकडच्या एक बाई आल्या होत्या. चष्मा, पांढरं सुती पातळ, बोलणं हळू. शेवटच्या दिवशी त्यांनी छापील कागद वाटले. तीस वाक्यं होती. मी काम सांगण्याआधी इतरांना विचारते. माझी चूक कुणी दाखवली तर मी ऐकून घेते. असली. प्रत्येकापुढं होय किंवा नाही अशी खूण करायची, आणि शेवटी कळायचं की आपण कुठल्या तऱ्हेच्या पुढारी: हुकूम सोडणारी, सगळ्यांना बरोबर घेणारी, एकटीच राबणारी, का नुसती बसून राहणारी.

मी भराभर खुणा केल्या. बरोबर घेणारी निघाले. मला तर ते आधीच माहीत होतं.

पण बाई म्हणाल्या, हा अर्धाच कागद झाला. आता घरी जाऊन हीच वाक्यं तुमच्या हाताखालच्या बायकांना विचारा, तुमच्याबद्दल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना दाणे द्या, होयला जवारी, नाहीला तूर. गाडग्यात टाकू देत. "आणि हे बघा," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही त्या वेळी तिथं बसायचं नाही."

मी मान हलवली. पण मला सांगा, मी तिथं बसले नसते तर वाक्यं वाचली कुणी असती? अख्ख्या टोळीत वाचणारी मी एकटी.

मग जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली मी गाडगं मांडलं आणि शेजारी मीच बसले. वाक्य वाचायचे, एकेकीनं मूठ आत घालून दाणा सोडायचा, मग गाडगं माझ्या पदरात पालथं. बायांना मोठी गंमत वाटली. एक म्हणाली, ही तर भोंडल्याची खिरापत झाली. पहिल्या वाक्याला बारा जवारी, दुसऱ्यालाही बारा, तिसऱ्यालाही. मी हरखून गेले होते, खोटं कशाला बोलू.

मग ते ऐकून घेण्याचं वाक्य आलं. गाडगं पालथं केलं तर अकरा जवारी आणि एक तूर.

आता इथं मी काय केलं ते ऐका. मला रागबीग आला नाही. मला खरंच वाटलं की तूर चुकून मिसळली असणार. आमचा हात सुपावर बसलेला, खडा दिसला की उचलून टाकायचा. मी ती तूर दोन बोटांत धरली, "जवारी निवडून आणली नव्हती काय गं?" म्हणाले आणि लांब भिरकावली. सगळ्या हसल्या. मग मी म्हणाले, एक दाणा कमी पडतोय, कुणाचा राहिलाय त्यांनी टाका. माझ्या शेजारघरची सून उठली, एक जवारी टाकली आणि जागेवर जाऊन बसली. वीस-एकवीसची पोर. तिची दीड वर्षांची मुलगी तिथंच फांदीला बांधलेल्या झोळीत झोपली होती.

मी आकडे उतरवून बाईंना पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तुम्ही सगळ्यांना बरोबर घेऊन चालणाऱ्या आहात, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: एकाही बाईनं एकदाही नाही म्हटलेलं नाही, याचा जरा विचार करा. मी पत्र टोळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ओळ तेवढी वाचली नाही. ट्रंकेतला पहिला कागद तो.

काम तेव्हा मुरमाच्या खाणीत चाललं होतं. मुरूम वरून खणायचा तर हात मोडतात. खालून पोखरला की वरचा आपोआप ढासळतो, कष्ट कमी, मोजमापाला चौकडी, म्हणजे खणलेला चौकोनी खड्डा, मोठी भरते. साहेबाची सक्त मनाई होती, पण तो आठ दिवसांनी यायचा. खालून पोखरा म्हणून सांगणारी मीच. माझ्या टोळीची चौकडी सगळ्यात मोठी असायची, आणि ते मी चार लोकांत सांगायचे.

त्या दिवशी दुपारी मी रस्त्यावर कारकुनाकडं हजेरी लिहून देत होते. गाडीतनं खडी ओतावी तसा आवाज आला, जास्त मोठा नव्हे. मागं वळून बघितलं तर खाणीवर धुरळा. कड बसली होती. अकरा जणी बाहेर होत्या. आम्ही कुदळ लागेल म्हणून कुदळ न घेता हातांनी उकरलं, नखं निघाली. शेजारघरची सून सापडली तेव्हा तिच्या तोंडात मुरूम भरला होता. मी तो बोटानं काढला. काढून काही उपयोग नव्हता, तरी काढत राहिले.

साहेब आला. बाभळीखाली बसून त्यानं एकेकीला विचारलं, मुकादमाची काही चूक होती का? कारकून लिहीत होता. अकराच्या अकरा जणींनी सांगितलं, अक्काची काही चूक न्हाय, त्या पोरीचं नशीब. आणि अंगठे उठवले. मी तिथंच उभी होते. गाडग्याशेजारी बसले होते ना, तशीच.

दहाव्याचं आटोपून परत येताना टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई माझ्या बरोबरीनं चालत होती. गाव दिसायला लागल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "अक्का, त्या दिशी सकाळी ती वरच्या अंगाला गेलती. कडंला भेग पडल्याली तिनं बघितली. मला सांगितलं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"म्या म्हनलं तिला, अक्काला सांग म्हणून. तर म्हनली, सांगून काय हुतंय मावशी, त्या तूर निवडून टाकत्यात."

मी रस्त्याच्या कडेला खाली बसले. तीही बसली. मी तिला विचारलं नाही की मग तूच का नाही सांगितलंस. विचारायला तोंड कुठं होतं मला?

नंतर दोन गोष्टी केल्या. साहेबाकडं जाऊन सांगितलं, पोखरायला मी लावलं होतं. तो म्हणाला, जबाब झालेत, कागद वर गेला, आता कशाला उकरता. मुकादमी तेवढी त्यानं काढून घेतली, तीही मीच मागे लागले म्हणून. पुढं त्याच रस्त्यावर मी दुसऱ्या टोळीत पाटी उचलली.

दुसरी गोष्ट, शिबिरातला एक कोरा कागद माझ्याकडं उरला होता. तो घेऊन मी म्हातारीच्या घरी गेले. दाणे नेले नाहीत. म्हटलं, मी वाचते, तुम्ही तोंडानं सांगा, मी तेच लिहिणार. ती नको नको म्हणत होती. पहिल्या वाक्याला व्हय म्हणाली, दुसऱ्यालाही व्हय. माझ्याकडं बघतच नव्हती, वाकळेचा दोरा उसवत बसली होती. मग ते वाक्य आलं. माझी चूक कुणी दाखवली तर मी ऐकून घेते. तिचा हात थांबला. बाहेर त्या गेलेल्या सुनेची मुलगी आजीच्या कडेवर रडत होती, ते आम्हा दोघींना ऐकू येत होतं.

"लिव्हा," म्हातारी म्हणाली. "न्हाय."

मी लिहिलं. पुढची वाक्यं विचारली नाहीत.