शिखराच्या ऐंशी मीटर खाली

त्या दिवशी हवा शेवटपर्यंत चांगली राहिली, हे आधीच सांगून टाकते. वादळ आलं नाही, दरड कोसळली नाही, कुणाचा पाय मोडला नाही. तरीही मी शिखराच्या ऐंशी मीटर खालून परत फिरले आणि धाकट्या भावालाही परत आणलं. आमच्या घरच्या ग्रुपवर अजून याची चेष्टा चालते. चालू दे.

भाऊ एकोणपन्नास वर्षांचा, पुण्याचा, सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पायांखाली घातलेला. मी त्रेपन्न. न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलात औषधं मोजून देणं हे माझं काम. तो तीन आठवड्यांची रजा घेऊन आला होता ते या एका शिखरासाठी. गाडीरस्ता संपतो तिथून दीड दिवस आत, नकाशावर उंची २३१० मीटर. खाली ९०० मीटरवर नदी, तिच्या अलीकडच्या काठावर लाकडी झोपडी. तिथे मुक्काम करायचा, पहाटे नदी ओलांडून चढायचं आणि त्याच दिवशी परतायचं. वर दोरखंड लागत नाहीत, पण सुट्या दगडांची धार आहे. वाटेत वस्ती नाही, फोनला रेंज नाही.

निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी हिशेब मांडला होता. मार्चअखेर. सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराला. उतरायला साडेपाच तास. म्हणून दुपारी एक वाजता असू तिथून मागे फिरायचं. कागद नवऱ्याकडे दिला. भाऊ पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला होता, "हो हो ताई, मान्य."

सकाळी सहाला, कपाळावर दिवे लावून, आम्ही नदी ओलांडली. पाणी मांडीपर्यंत होतं आणि इतकं गार की पलीकडे गेल्यावर पाय आहेत की नाहीत ते हाताने चाचपून पाहावं लागलं. पहिले हजार मीटर बरे गेले. मग धार लागली. दोन पावलं वर, एक खाली. शेवटच्या तासात शंभर मीटरच चढलो. वेग माझा होता, हे मान्य करते. तो पुढे जाऊन दगडावर बसायचा, मी पोचले की उठायचा.

एक वाजला तेव्हा माझ्या उंची दाखवणाऱ्या घड्याळात आकडा होता २२३०. माथा समोर दिसत होता. त्यावरचा एकेक दगड मोजता आला असता.

"चला," मी म्हणाले. "खाली."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. "ताई, ते बघ. ते तिथे आहे."

"दिसतंय."

"ऐंशी मीटर! आपल्या सोसायटीचे जिने चढलीस तर संपेल."

"सोसायटीचे जिने घसरत नाहीत. वर जायला पन्नास मिनिटं, इथवर परत यायला चाळीस. दीड तास. म्हणजे झोपडीशी आठला. नदीत अंधारात उतरायचं."

"अंधारात राजगड उतरलोय मी. चार वेळा."

"तिथे खाली गाव असतं रे. हाक मारली तर कुणीतरी कंदील घेऊन येतं. इथे खाली पाणी आहे."

"मग तू बस इथे. बीकन दे, मी पळत जाऊन येतो."

बीकन म्हणजे बटण दाबलं की उपग्रहावरून मदत मागणारं यंत्र. आमच्याकडे एकच होतं, माझ्या छातीच्या पट्ट्याला अडकवलेलं. त्याने हात पुढे केला. मी दिलं नाही.

"माणसं दोन, यंत्र एक. वेगळं व्हायचं नाही."

"तू ना ताई, स्वर्गाच्या दारातसुद्धा घड्याळ बघशील."

"बघेन. आणि उशीर झाला असेल तर परत येईन."

तो हसला नाही. माथ्याकडे पाठ करायला त्याला बराच वेळ लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने असेल, नसेलही. आणखी एकदा येण्याइतकी रजा आणि तिकिटाचे पैसे त्याच्याकडे नव्हते, हे मला ठाऊक होतं. हे ठाऊक असूनच मी फिरले.

उतरताना दोन तरुण मुली आम्हाला भेटल्या, झपझप वर निघालेल्या. तासाभराने आम्हाला गाठून, हात हलवत, पुढे निघूनही गेल्या. "वरून समुद्र दिसतोय, स्वीट ॲज!" एक ओरडली. इथल्या बोलीत म्हणजे एकदम झकास. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालचे दगड पाहत होते. त्या मुलींचा वेग त्यांचा होता. माझ्या वेगाचा हिशेब मला करायचा होता, आणि तो चुकला नव्हता. नदी सहा वीसला ओलांडली, स्वच्छ उजेडात. या वेळी पाणी कमरेला लागत होतं. दिवसभराच्या उन्हाने वरचं बर्फ वितळलं होतं. पाणी गुडघ्याएवढं असतं तरी मी एक वाजताच फिरले असते.

झोपडीत एक वही असते. कोण, किती जण, कुठे गेले, कधी परतले ते तिथे लिहायचं. मी परतीची वेळ लिहायला पेन उघडलं.

"शिखराचं नाव लिही," भाऊ म्हणाला. उतरायला लागल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. "एवढं तरी कर. ऐंशी मीटर कोण मोजायला येणार आहे?"

"मी मोजलेत."

"पुण्यात सगळे विचारतील गं."

"मग सांग, २२३०."

मी तेच लिहिलं. २२३० मीटर, तिथून परत. त्याने माझ्या हातातून पेन ओढलं, शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. कारण: बहीण.

मी वाचलं. नोंद बरोबर होती. खाली सही केली.