मामंजींची कवळी

दातांच्या दवाखान्यात उपटलेल्या दातांपेक्षा किस्सेच अधिक साचतात. निजामाचे राज्य भारतात विलीन झाल्यावर आमच्या यांनी उस्मानाबादेत दवाखाना थाटला. मी मॅट्रिक, म्हणून रोग्यांची नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पण नावेच फारशी नसत. दसऱ्यापर्यंत रोगी वाढले नाहीत, तर बिऱ्हाड सोलापुरास हलवणे भाग होते. आणि आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांची दातांविषयीची मते ठाम होती!

* * *

येडशीच्या गंगाबाई सुनेची दाढ दाखवण्यास आल्या. यांनी त्यांचेही दात पाहिले. सगळे हलत होते. काय लावता, असे विचारले.

"मिश्री. दिवसातनं चारदा. कधी खाडा न्हाय."

मग दात हलले कसे?

त्यांनी सुनेकडे बोट केले. "दिवाळीला हिनं एकदा पावडर लावायला लावली."

* * *

वरचा दात काढला की नजर जाते, ही नळदुर्गच्या पाटलांची खात्री. गाल सुजला तेव्हा नाइलाजाने आले. दात निघाला, तरी डोळे गच्च मिटलेले. पुष्कळ विनवण्यांनंतर उघडले. यांनी विचारले, "दिसतं ना?"

"व्हय, दिसतंय. चुकून खालचा तर न्हाय काढला?"

* * *

निजामाच्या कचेरीतले निवृत्त पेशकार करीमसाहेब कवळी बसवून गेले. पुढे एकदा भेटीस आले. मी चिवडा ठेवताच त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि हिरड्यांनी खाऊ लागले.

"डॉक्टरसाहेब, इतकी नाजूक चीज खाण्यात झिजवायची का?"

* * *

अशाने दवाखाना चालायचा कसा? उरली आशा मामंजींची. नवरात्रात तुळजापुरात त्यांचा पाठ ऐकायला गर्दी होई. त्या मुखात यांनी केलेली कवळी दिसली, तर निराळी जाहिरात नको होती. मामंजी कसेबसे राजी झाले. मात्र कवळी केवळ पाठापुरती, आणि सोवळ्यात.

तरी ती सारखी सैल होई. घटस्थापना तोंडावर आली आणि तिचा पुढचा दातच तुटला. सासूबाईंना घेऊन मामंजी तडक दवाखान्यात आले.

"ही कवळी लावून मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही," ते म्हणाले.

यांनी कवळी उजेडात धरली. फटीत शेंगदाण्याची चटणी होती.

सासूबाईंनी बोळक्या तोंडाला पदर लावला. "जन्मभर यांच्या उष्ट्या ताटात जेवले. आता दात तेवढे वेगळे कशाला मागायचे?"

बाकावर एक वृद्ध भटजी मघापासून कवळीला नकार देत बसले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बोळक्या पत्नीने त्यांना कोपराने ढोसले.

"अहो, तुम्ही बसवून घ्याच."