जुन्या गाड्या आणि दिनकरची रजा

आमच्या दम्मामच्या गॅरेजमध्ये दोन गोष्टी कधी संपायच्या नाहीत. एक, जमिनीवरचं ऑइल आणि दुसरी, किस्से! ऑइलवर निदान भुसा टाकता यायचा. किस्स्यांचं काय करणार? मी तिथे ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. गावी आलो की लोक विचारतात, "काय मग, सौदीत काय काय पाहिलंत?" आता काय सांगू कपाळ! मी पाहिल्या त्या बिघडलेल्या गाड्या, आणि त्यांच्याहून बिघडलेली माणसं. त्यातली निम्मी गंमत तर एकाच वीकेंडची आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा आणि ज्याच्या कपाटात आमचे पासपोर्ट, तो अबू फहाद. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मनाने बरा, पण जुन्या गाड्यांचा भयंकर नाद! रियाधच्या बाहेर जुन्या गाड्यांचा शो आणि ड्रॅग रेस आहे असं कळल्याबरोबर त्याने अख्खं गॅरेजच उचललं. इंजिनवाले रफीकभाई दापोलीचे, रंगारी परब कुडाळचे, पत्र्याचे पोचे काढणारा डेंटर दिनकर संगमेश्वरचा, आणि मी.

यात दिनकरचा जीव टांगणीला लागलेला. पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न होतं. रजा मिळाली नाही म्हणून हे लग्न आधी दोनदा पुढे ढकललेलं. मुलीच्या वडिलांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "या खेपेला आला नाहीत तर आम्ही दुसरं स्थळ बघतो." आता रजेवर जाण्याच्या व्हिसाचा शिक्का बसला होता, शनिवारचं तिकीट निघालं होतं, पण पासपोर्ट अबू फहादच्या खिशात!

"शो नीट होऊ दे," तो म्हणाला, "मग जा. पण माझ्या गाड्यांना काही झालं, तर रजा खलास!"

दिनकरने त्या दिवसापासून गाड्यांकडे देवासारखं बघायला सुरुवात केली.

*

दोन गाड्या न्यायच्या होत्या. एक आकाशी रंगाची लांबलचक अमेरिकन कार, आणि एक अबू फहादच्या वडिलांची लाल पिकअप. दोन्ही ट्रेलरवर चढवल्या. हायवेवरच्या वाऱ्याने कारच्या टपावरचं कव्हर उडेल, अशी अबू फहादला धास्ती. त्याने दिनकरला ट्रेलरवरच्या कारमध्ये बसवलं. "खिडकीतून कव्हर धरून बस!"

आम्ही मागून जीपमध्ये. वाटेत चेकपोस्ट लागलं. पोलिसाने ट्रेलरवाल्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, बघितला आणि मग सहज वर पाहिलं. वर, स्टिअरिंगच्या मागे, आमचा दिनकर! ताठ बसलेला, समोर नजर लावून.

पोलिसाने खालूनच विचारलं, "पट्टा का नाही लावला?"

रफीकभाई धावत गेले. अरबीत समजावलं, "साहेब, ही गाडी बनली तेव्हा पट्टे नव्हते. आणि ती चालत पण नाहीये, ट्रेलर चालतोय."

पोलिसाने बराच विचार केला. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दिनकरकडे बोट करून म्हणाला, "ठीक आहे. पण त्याला सांगा, ओव्हरटेक करायचं नाही!"

*

शोमध्ये आमच्या तंबूत भरपूर गर्दी. तिथे अबकैकच्या हॉस्पिटलमधले एक हाडांचे डॉक्टर आले, पुण्याचे. सोबत बायको आणि शाळकरी मुलगी. मुलगी सगळं इंग्लिशमध्ये बोलत होती. परब तिला मालवणीत ओरडले, "गो बाय, थंय हात लाव नको, रंग जातलो!" तर तिने लगेच हात मागे घेतला. डॉक्टरीणबाईंना फार नवल वाटलं. "आम्ही इतकं सांगतो तेव्हा ऐकत नाही हो!"

डॉक्टरांनी जाणकारासारखी कारभोवती फेरी मारली आणि विचारलं, "सगळं ओरिजिनल आहे का?"

रफीकभाई म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खोटा कशाला सांगू! पिस्टन दम्मामचे, वायरिंग ह्यांची, रंग परबांचा, पत्रा अर्धा दिनकरचा."

"मग ओरिजिनल काय राहिलं?"

रफीकभाईंनी खुर्चीत पेंगणाऱ्या अबू फहादकडे हळूच बोट केलं. "तो मालक. त्याचा एक पण पार्ट आम्ही बदललो नाय!"

डॉक्टर पोट धरून हसले. बाईंनी आम्हाला डब्यातल्या थालीपिठाचे चार तुकडे दिले. त्या उन्हात ते थालीपीठ खाताना परबांचे डोळे पाणावले. मिरची जास्त झालीय म्हणाले.

*

संध्याकाळी ड्रॅग रेस. म्हणजे काय, तर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सुसाट सोडायच्या. वळण नाही, काही नाही. डोळे मिटून उघडेपर्यंत खेळ संपतो. परब पहिली रेस बघून म्हणाले, "संपली? आणि ह्याच्यासाठी आमी दम्मामसून इलो?"

जुन्या गाड्यांचा एक गट होता. त्यात अबू फहाद स्वतः आकाशी गाडी घेऊन उतरला. शेजारच्या गाडीत एक तरणाबांड सौदी. ॲक्सिलरेटर दाबून दाबून त्याने नुसता धूर केला होता.

दिनकर माझा हात घट्ट धरून उभा. "काही ठोकाठोकी नको रे होऊ दे!"

दिवा हिरवा झाला. तो पोरगा बाण सुटावा तसा गेला. आणि अबू फहाद? त्याने सवयीप्रमाणे आधी आरसा बघितला. मग इंडिकेटर दिला. मग मागे वळून कोणी येतंय का ते पाहिलं. आणि मग, लग्नाच्या वरातीसारखी, गाडी हलवली.

तो पलीकडच्या टोकाला गेला तेव्हा त्या पोराने गाडीतून उतरून चहासुद्धा मागवला होता.

आम्ही पळत गेलो. हरल्याचं वाईट वाटलं असेल, म्हणून रफीकभाई काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. अबू फहादने त्यांना हाताने थांबवलं.

"वाईट कसलं? तोही आला, मीही आलो. फक्त त्याने वाटेतलं काही बघितलं नाही!"

*

रेस चालू असतानाच दिनकरच्या मोबाइलवर फोन आला. होणाऱ्या बायकोचा! दिनकर कोपऱ्यात गेला. तेवढ्यात ट्रॅकवर दोन आठ सिलिंडरच्या गाड्या एकदम गर्जल्या. कानठळ्या बसल्या.

दिनकर फोन ठेवून परत आला तो पांढराफटक पडलेला.

"काय झालं रे?"

"तिने विचारलं, हा कसला आवाज? विमानतळावर आलात का?"

"मग?"

"इतकी खूश झाली होती... मी हो म्हटलं."

"अरे पण तिकीट शनिवारचं आहे!"

"तेही सांगितलं. तर म्हणते, बरं केलंत, आता तिथेच बसा. परत त्या कफीलच्या तोंडाला लागू नका!"

*

तेवढ्यात नमाजाची वेळ झाली. सगळी इंजिनं बंद. इतका वेळ भडाभडा ओरडणारा ट्रॅक एकदम शांत झाला. रफीकभाई नमाजाला निघाले तसं दिनकरने त्यांना गाठलं. "रफीकभाई, माझ्या रजेसाठी पण मागा हो काहीतरी."

"मागतो की! माझ्याच भावाचा लगीन असल्यासारखा मागतो."

आणि त्यांनी खरंच मनापासून मागितलं असणार, तो माणूसच तसा. परत आले तर दिनकर वाटेतच उभा. "मागितलंत?"

"मागितला."

"मग होईल ना काम?"

"वरच्याने ऐकला असेल रे. त्याच्या ऑफिसात उशीर नाय. आता हा खालचा तेवढा ऐकायला पायजे!"

*

शुक्रवारी दुपारी अबू फहाद आणि रफीकभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी जेवण आणायला गेलो. परब तंबूच्या सावलीत आडवे झाले. लाल पिकअपपाशी राहिला एकटा दिनकर.

ही पिकअप अल-अहसाच्या खजुराच्या बागेत आयुष्यभर राबलेली. शोमध्ये ती 'जशी आहे तशी' गटात होती. रंग लावू नका, असं परबांना बजावलेलं. इंजिनला हात लावू नका, असं रफीकभाईंना बजावलेलं. वायर बदलू नको, असं मला. डेंटरला कोणी काही सांगितलंच नव्हतं! आणि पिकअपच्या मागच्या फाळक्यावर ताटाएवढा पोचा होता.

दिनकरला दोन दिवस तो पोचा खुपत होता. त्याने विचार केला, मालक येईपर्यंत काढून टाकू. खूश होईल आणि पासपोर्ट आत्ताच हातात देईल. झालं! हातोडी घेतली, आतून टेकण लावलं, आणि कामाला लागला.

मी खबूस रोट्या आणि कोंबडी घेऊन आलो तेव्हा फाळका कसा, नुसता सपाट! रंगाचा कपचासुद्धा उडाला नव्हता. "झकास!" मी म्हणालो, आणि ते काम खरंच झकास होतं.

अबू फहाद आला. फाळक्यासमोर थबकला. चुकून दुसऱ्याच्या गाडीपाशी आलो की काय, म्हणून त्याने नंबरप्लेट वाचली. मग फाळक्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"कुठे गेला?"

"काय?" रफीकभाईंनी विचारलं.

"माझ्या वडिलांचा पोचा!"

मग त्याने सांगितलं. तो जन्मला तेव्हा वडील बागेत होते. कोणीतरी येऊन मुलगा झाल्याचं सांगितलं. ते उडी मारून गाडीत बसले, घाईत गाडी मागे घेतली आणि धाडकन खजुराच्या झाडावर घातली. लोक म्हणाले, ठोकून घ्या. वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, हा पोचा म्हणजे माझ्या पोराचा जन्म आहे, याला कोणी हात लावायचा नाही.

रफीकभाई आम्हाला हे मराठीत सांगत होते. मला तर दिनकरकडे बघवेना. रजा खलास, असं अबू फहाद ओरडला असता तरी परवडलं असतं. तो नुसता त्या सपाट पत्र्यावर पोचा चाचपत राहिला.

"मी परत घालतो," दिनकर कसाबसा म्हणाला. "तसाच घालतो."

जन्मभर पोचे काढलेला माणूस पोचा घालायला बसला! हातोडीने गोल, नीट, मापात एक पोचा घातला. अबू फहादने बघितला आणि मान हलवली. "हा कारागिराचा आहे. माझे वडील कारागीर नव्हते."

दिनकरने तो काढला. मग परबांनी दोन्ही गुडघे लावून जोर केला. फाळका जरासा वाकला, पण परबांची कंबर धरली. अबू फहादने पुन्हा मान हलवली.

दिनकर डोक्याला हात लावून खाली बसला. घामाने निथळत होता. मला त्या क्षणी त्या लाल गाडीचा इतका राग आला!

अबू फहाद त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग खिशातून दिनकरचा पासपोर्ट काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्यावर पिकअपची चावी ठेवली.

"बस गाडीत."

"मी?"

"माझे वडील तेव्हा कुठे निघाले होते?"

"घरी," दिनकर म्हणाला.

"आणि तू?"

"घरी."

पार्किंगच्या कडेला खजुरांची रांग होती. अबू फहादने तिकडे बोट केलं. "मग यल्ला! रिव्हर्स!"

दिनकर गाडीत बसला, गिअर टाकला, आणि मागे न बघता जी काही गाडी सोडली! धाडकन! झाड मुळापासून हललं. पलीकडच्या तंबूतली माणसं उठून उभी राहिली.

अबू फहाद चालत गेला. फाळक्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने पोच्यात पंजा ठेवला. बोटं आत फिरवली. मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. पोचा पहिल्यापेक्षा थोडा डावीकडे झाला होता, पण ते परबांनीसुद्धा तोंडातून काढलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. वळून बघतो तर दिनकर अजून गाडीतच. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला.

अबू फहाद त्याच्यावर खेकसला, "तू अजून इथेच?"