यूयूआबांची हाक

“आबा, तो आंब्याखालचा खुंटा पाटलांचा! आपला पलीकडचा, उन्हातला! आबाऽऽ!”

चाकणच्या जत्रेत, कुत्र्यांच्या शर्यतीत, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला माझ्या कुत्र्याला, वाघ्याला, कवळून बसलेला मी असा ओरडलो, की देवळातली घंटा आपोआप वाजली. आबांना तेवढं ऐकू गेलं नाही.

आमच्या दापोडीतल्या या म्हाताऱ्याला यूयूआबा म्हणत, ते त्यांच्या हाकेमुळे. कुत्र्याला सगळेच ‘यू यू’ करतात. पण आबांनी केलं की तीन गावची कुत्री पुढ्यातली भाकरी टाकून येत. एकदा रेल्वे फाटकापाशी त्यांनी हाक मारली, तर मालगाडी थांबली. शेपटी असती तर इंजिनानं हलवलीही असती.

कुत्र्याला नाव ठेवणं त्यांना पसंत नसे. “नाव मानसाला. ह्येला यू यू म्हनलं की बास!” माझ्या वाघ्याला वर्षभर त्यांनीच पळायला शिकवलं, त्याच्या कानातल्या गोचिडी स्वतःच्या बोटांनी काढल्या आणि आमच्या चुलीपुढे बसून त्याच्या दुप्पट भाकरी खाल्ल्या. मागच्या जत्रेत पाटील चारचौघांत म्हणाले होते, “तुमचं कुत्रं शर्यतीत नाही, पंगतीकडं पळतं, राव!” त्याचं उट्टं मला फेडायचं होतं. आबांनी भाकरीवर हात ठेवून शब्द दिला, “औंदा तुज्या खुंट्याशी मी उभा ऱ्हानार.”

रीत सोपी होती. एकानं लांबून कुत्रं सोडायचं, दुसऱ्यानं आपल्या खुंट्याशी उभं राहून बोलवायचं. दुसऱ्याच्या खुंट्याला गेलेलं कुत्रं बाद.

शिट्टी झाली आणि पाटलांच्या शेजारून आबांची हाक आली, “यूऽऽ यू!” वाघ्या असा सुटला की त्याची सावली मागं धापा टाकत राहिली. सगळ्यांआधी पोचला आणि आबांच्या पायांत लोळला. मागोमाग झाडून सगळी कुत्री तिथंच. सगळी बाद! सर्वांत शेवटी, वाटेत दोनदा खाजवून आलेला पाटलांचा काळ्या तेवढा आपल्या खुंट्याला पोचला. गुलाल त्याला.

नंतर मी पुष्कळ कुत्री पाळली. ‘यू यू’ म्हणायला मात्र जीभ वळली नाही.

त्या दिवशी शर्यत संपली तरी आबा वाघ्याचे कान खाजवत आंब्याखालीच बसले होते. मी म्हणालो, “आबा, भाकरीवर हात ठेवला होतात. मग माझा खुंटा का सोडलात?”

त्यांनी मान वर केली नाही.

“हितं सावली हाय.”