वन्संचा फुटाणा

दुपारची जेवणं झाली की मी दिवाणावर आडवी होते. झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला, असं रोज म्हणते आणि रोज घोरते. आज मात्र डोळा लागायची भीती वाटते आहे. उजवा हात दिवाणाच्या कडेवरून खाली सोडला आहे, तळवा उघडा ठेवून. त्या हातापासून वीतभर अंतरावर, दिवाणाखालच्या अंधारात, बुंदी बसली आहे. साडेतीन महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू, रंगानं नावासारखंच. सकाळी आठपासून ती तिथून हललेली नाही, पाण्यालाही तोंड लावलेलं नाही. पाच वाजता भोइटे येऊन तिला कायमची घेऊन जाणार आहेत.

चूक माझी आहे. सकाळी पेपर घ्यायला गेले आणि फाटक नीट लावलं नाही. बुंदी रस्त्यावर पळाली, टेम्पोनं करकचून ब्रेक दाबला, आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बुंदी, ये." ती आली. शेपटी हलवत, कान उडवत, पुढचे दोन्ही पाय माझ्या साडीवर ठेवायला आली. आणि मी पायातली चप्पल काढून तिला मारलं. एकदा नाही, तीनदा. टेम्पोवाला बघत होता, काहीतरी करायलाच हवं असं मला वाटलं आणि मी नेमकं ते केलं. तेव्हापासून मी हाक मारली की ती आणखी आत सरकते. तुला जमणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं, असं आमचे हे म्हणाले आणि त्यांनी भोइट्यांना फोन लावला. भोइटे शेतावर राहतात. तिथे राखणीला कुत्री आहेत, साखळीनं बांधलेली. मला बोलायला तोंड कुठे होतं?

बुंदी खरं तर वन्संची. कुमुदवन्सं, यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायच्या आणि मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. तीस वर्षं साताऱ्यातल्या पोरी त्यांच्यासमोर चळचळा कापल्या, पण कुत्र्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पोरी घरी जाऊन तक्रार तरी करतात, कुत्र्यानं कुणाकडे जायचं, असं म्हणायच्या. हे पिल्लू त्यांनी ते जन्मायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मी लहानपणापासून कुत्र्यांना भिणारी, म्हणून त्यांनी आधी मलाच शिकवायला घेतलं. पिल्लू अजून नव्हतं, तर त्या स्वतः पिल्लू झाल्या.

बासष्ट वर्षांची बाई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हॉलच्या टोकाला उकिडवी बसायची. मी एकदाच हाक मारायची. पिल्लू आलं नाही तर पुन्हा ओरडायचं नाही, त्याच्यामागे धावायचं तर मुळीच नाही. पाठ फिरवायची, चालू लागायचं, आणि मागे वळून बघायचं नाही. मग वन्सं उठून माझ्यामागे यायच्या, फरशीवर बूट चुर्र चुर्र वाजायचे, आणि मी न बघता हात मागे करून त्यांना फुटाणा द्यायची. त्या तो कुडुमकुडुम खायच्या आणि म्हणायच्या, "आलेल्या जिवाला बक्षीस. काय करून आला ते नंतर. आला ना? मग बक्षीस." शेवटचा धडा राहिला होता. पिल्लाच्या तोंडात फुटाणा द्यायचा आणि त्यानं तो न खाता आपल्या हातात आणून ठेवायचा. ज्या दिवशी ठेवेल त्या दिवशी ते तुझं झालं, असं त्या सांगायच्या. तो धडा सुरू व्हायच्या आत, मे महिन्यात, वन्सं झोपेतच गेल्या. महिन्याभरानं बुंदी आली.

पंखा फिरतो आहे. स्वप्नं खरी होतात ती पहाटेची, दुपारच्या झोपेला काय घाबरायचं, असं मी स्वतःला सांगते. खाली सोडलेला हात जड होत जातो.

"हात दाखव, मंजू."

आवाज दिवाणाखालून आला आहे. मी वाकून बघते. खालची फट वाटली होती त्यापेक्षा फार खोल आहे, शाळेच्या व्हरांड्याएवढी लांब, आणि तिच्या टोकाला वन्सं उकिडव्या बसल्या आहेत. पायात पांढरे बूट. केस ओले आहेत. शेवटची अंघोळ मीच घातली होती, तेव्हाचेच ते ओले केस.

गेलेल्या माणसानं स्वप्नात हाक मारली तर ओ देऊ नये आणि काही मागितलं तर देऊ नये, असं सासूबाई सांगायच्या. मी ओठ घट्ट मिटते. पण हात दाखवणं म्हणजे देणं थोडंच आहे? मी डावा हात पुढे करते.

"दुसरा."

दर सोमवारी त्या अशाच रांगेतून पोरींची नखं तपासत जायच्या. उजवा हात मी पदराखाली लपवते, पण तो माझं ऐकत नाही, आपणहून पुढे येतो. हातात चप्पल आहे. मी ती खाली टाकते. ती पुन्हा हातातच असते.

"या हातानं?"

"मी घाबरले होते, वन्सं," मी म्हणते, आणि मग मला कळतं की मी ओ दिली.

"घाबरलीस तू, आणि मार तिनं खाल्ला."

त्यांच्या आवाजात राग नाही. असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

आम्ही शाळेच्या मैदानात आहोत. मैदानाला माझ्या स्वयंपाकघराची फरशी आहे आणि पार पलीकडच्या टोकाला गॅसवर दूध तापतं आहे. ते उतू जाणार हे मला दिसतं आहे. मैदानाच्या मधोमध बुंदी उभी आहे. वन्सं खिशातून मूठभर फुटाणे काढतात आणि खुळखुळवतात. हाक मारत नाहीत. पिल्लाला दडपण येऊ नये म्हणून बसायचं असतं तशा, तोंड बाजूला करून बसतात. बुंदीनं त्यांना कधी बघितलेलं नाही. तरी ती त्यांच्याकडे एक पाऊल टाकते.

मी हाक मारते. बुंदी कान पाडते. मी पुन्हा हाक मारते, मग तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक हाकेसरशी तिचा रंग उतरत जातो, चहात दूध जास्त झाल्यासारखा. तिच्या पोटातून पलीकडची फरशी दिसायला लागते.

"तिला नेऊ नका," मी म्हणते.

"पाच वाजता भोइटे नेणारच आहेत ना? माझ्याकडे साखळी तरी नाही."

मी धावते. धावायचं नाही हे माहीत असून धावते, आणि बुंदी अर्थातच पुढे पळते. फरशी संपते आणि पायऱ्या लागतात, नदीवरच्या स्मशानाच्या. पत्र्याची तीच शेड. आमच्यात बायका तिथवर जात नाहीत, पण मंजूनं यायचं असं वन्संनी कितीतरी आधी बजावून ठेवलं होतं, म्हणून मी गेले होते. अग्नी दिल्यावर गुरुजी म्हणाले, आता चालू लागा, मागे वळून कुणी बघू नका. सगळे तसेच चालले. मी चौथ्या पावलाला मागे बघितलं. मला बुटांचा आवाज आला होता. खरंच आला होता, आणि सवयीनं माझा हात मागे गेला होता, बक्षीस द्यायला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तेव्हापासून जिन्यात, मोरीत, गच्चीवर, माझ्या पाठीशी कुणीतरी आहे असं वाटत राहतं. वन्संची वाट मीच अडवून ठेवली, ही भीती मी तीन महिने पोटात घेऊन वावरते आहे.

वन्सं शेवटच्या पायरीवर बसल्या आहेत. बूट पाण्याला टेकलेत. बुंदी त्यांच्यापासून हातभर लांब आहे.

"काय शिकवलं होतं?" त्या विचारतात.

"पाठ फिरवायची."

"मग?"

माझ्याच्यानं होत नाही. मी पाठ फिरवली की वन्सं मागे यायच्या, हाच तर सगळा सराव झाला आहे. आता पाठ फिरवली तर माझ्यामागे कोण येईल? पिल्लू तिथेच राहिलं आणि त्याच आल्या तर? मी हात मागे केला आणि त्या हाताला ओले केस लागले तर?

"मला तुमची भीती वाटते, वन्सं."

त्या हसतात. शाळेत कुणी बघितलं नसेल असं हसणं त्यांच्याकडे होतं, तेच हे. "कुत्र्यांची वाटायची तेवढीच ना? ती गेली की नाही?"

"गेली."

"मग चाल."

मी चप्पल सोडते. या वेळी ती पायरीवर पडते आणि पडूनच राहते. मी पाठ फिरवते. एकदाच, हळू, म्हणते, "बुंदी, ये." आणि पायऱ्या चढायला लागते.

आधी काहीच ऐकू येत नाही. मग दगडावर नखं वाजतात, टक टक. आणि त्यांच्याबरोबर, अगदी जवळ, चुर्र चुर्र. दोन्ही आवाज येत आहेत. भीतीनं मला मागे बघायचं आहे, आणि मायेनंही बघायचं आहे, एकदाच, त्या कशा दिसतात ते शेवटचं बघून घ्यायला. मी बघत नाही. हात मागे करते. हातात काही नाही. आलेल्या जिवाला बक्षीस द्यायचं, आणि माझी मूठ रिकामी. मी तशीच उघडते. काहीतरी गार, ओलं तळव्याला टेकतं.

पंखा बंद पडला आहे, वीज गेली आहे. मी घामानं निथळते आहे आणि हात दिवाणावरून तसाच खाली लोंबतो आहे. तळव्यावर ओलसर काहीतरी आहे. हात वर आणायला मला बराच वेळ लागतो.

फुटाणा आहे. अख्खा, लाळेनं ओला, त्याला एक दातही लागलेला नाही.

आमच्या घरात फुटाणे नाहीत. वन्संच्या तेराव्यानंतर तो डबा मीच घासून पालथा घातला. बुंदीला मी दुकानातली बिस्किटं देते. सरावाच्या वेळचा एखादा दिवाणाखाली घरंगळला असेल, असं मी मनाशी म्हणते. असेलही.

फाटकाची कडी वाजते. भोइटे आले बघ, असं हे बाहेरच्या खोलीतून सांगतात. वाकून दिवाणाखाली बघावं असं मला फार वाटतं. पण ती तिथे नसली तर काय, म्हणून बघत नाही. मी मूठ मिटते, उठते, एकदाच हाक मारते आणि दाराकडे चालू लागते. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. आमचा हॉल केवढासा, पण आज संपत नाही. चौथ्या पावलाला मागे नखं वाजतात. टक, टक, जरा थांबून पुन्हा टक टक.

मी दार उघडते आणि भोइट्यांना सांगते की तुम्हाला उगीच हेलपाटा पडला, माफ करा, पण कुत्रं आम्ही देत नाही. हे मागून काहीतरी बोलायला लागतात आणि मध्येच गप्प होतात. मी मागे न बघता हात मागे नेते आणि मूठ उघडते. गार नाक लागतं, मग जीभ, मग फुटाणा चावल्याचा आवाज येतो. मी कान देऊन ऐकत राहते. नखं वाजतात ती चार पायांची. बूट वाजत नाहीत, आणि तेव्हा कुठे मला रडू येतं.