गुणवंताचं दातून

तिगावचा गुणवंता दात घासायला जितका वेळ लावी, तितक्या वेळात दुसरा माणूस आंघोळ करून, भाकर खाऊन शेताला एक चक्कर मारून येई. पण ही सवय त्याला जन्माची नव्हती. एकाच हिवाळ्यात लागली आणि त्याच हिवाळ्यात सुटली. ती कशी लागली, हे रामाकोन्याच्या पुंडलिकराव पाटलांना कळायला सहा वर्षं लागली.

गुणवंता संत्र्याचे डोळे बांधायचा. आमच्या मातीत संत्रा बी पेरून कोणी करत नाही. आधी वाफ्यात जंबेरी लावायची. जंबेरी म्हणजे जाड सालीचं, दात आंबवणारं लिंबू. फळ कोणी तोंडात धरत नाही, पण मुळं मोठी चिवट. रोप बोटाएवढं झालं की त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. मग गोड संत्र्याच्या कोवळ्या काडीवरून पानाच्या बगलेतला डोळा, गव्हाच्या दाण्याएवढा, अलगद उतरवून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या वाळल्या सोपटानं बांधून टाकायचा. डोळा धरला की वरची जंबेरी छाटायची. खाली पाय जंबेरीचे, वर डोकं संत्र्याचं. गुणवंताच्या हातचे शंभरातले पंच्याण्णव डोळे धरत. कापूस निघाला की तो घरून चाकू आणि घोंगडी घेऊन निघे आणि गावोगावच्या बगिच्यांत आठ-आठ दिवस मुक्काम करी.

आमच्याकडे जुनी रीत आहे. विरजण आणि डोळ्याची काडी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणू नये. दिल्यानं दही कमी होत नाही आणि झाडही कमी होत नाही. ही रीत साऱ्या सौसर तालुक्यात एकट्या पुंडलिकरावांनी मोडली.

त्यांच्या बगिच्यात विहिरीजवळ एक झाड होतं. झाड साधंच, पण त्याची उगवतीकडची एक फांदी वेगळी निघाली होती. बाकीच्या फांद्यांच्या फळात दहा-बारा बिया, या फांदीच्या फळात दोन, फार तर तीन. साल पातळ, रस असा की पहिली फोड खाल्ल्यावर माणूस बोलणं विसरे. साऱ्या बगिच्याची तोड झाली तरी ती फळं हिरवीच असत आणि संक्रांतीला पिकत. पुंडलिकराव पाहुण्याला त्यातलं एक फळ देत आणि तो चोखून टाकलेल्या बिया त्याच्यासमोर उचलून घेत.

बोरगावचे भगवंतराव एकदा काडी मागायला आले. पुंडलिकराव म्हणाले, "काडी नाई भेटणार, भगवंतराव. उद्या साऱ्याइच्या बगिच्यात हे फळ झालं, तं माह्या दारी कोन येईन?"

"बरं बाप्पा," भगवंतराव म्हणाले, "ठेवा सांभाळून. मेल्यावर वर घेऊन जा."

राज्यांची वाटणी होणार, नागपूर तिकडे जाणार, आपण कुठे जाणार, अशी बोलणी पारापारावर चालली होती, त्या हिवाळ्यात गुणवंता रामाकोन्यात आला. पुंडलिकरावांच्या वाफ्यात दोनशे जंबेऱ्या तयार होत्या. तो विहिरीवर पाणी प्यायला गेला आणि झाडापाशी थांबला. त्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळत होता. डिंक्या लागलेलं झाड एखादा पावसाळा काढतं, मग बसतं. आणि ही फांदी जगात एकच होती. ती गेली की ते फळ गेलं.

"पाटील, झाड जाऊन राह्यलं," तो म्हणाला. "तुमच्याच वाफ्यात ह्या फांदीचे डोळे बांधून देतो."

पुंडलिकरावांनी झाडाखालच्या खाटेवर बैठक बदलली. "मोठा हुशार! एक फांदी हाय तं मी खाटेवर बसून राखतो. चाळीस झाडं झाली तं चाळीस खाटा टाकू का?"

"अजी, पन मेलं तं?"

"माह्या बापानं लावलेलं झाड हाय. असं नाई मरत. तू शपथ घे. जामसावळीच्या मारोतीची. ह्या फांदीची काडी तू फाटकाबाहेर नेणार नाई."

गुणवंतानं क्षणभरही न थांबता शपथ घेतली. "माह्या हातानं ह्या फांदीची काडी फाटकाबाहेर जाणार नाई." इतक्या पटकन घेतलेल्या शपथेचा पुंडलिकरावांनी थोडा विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंता खाटेजवळ आला, थंडीबद्दल बोलला, गव्हाबद्दल बोलला, आणि बोलता बोलता वर हात करून त्या फांदीची एक काडी मोडून तोंडात घातली.

"काऊन रे, का करून राह्यला?"

"दात घासून राह्यलो, पाटील."

"संत्र्याच्या काडीनं? कडुलिंब मेला का गावातला?"

"कडुलिंबानं तोंड कडू होते. मंग तुमच्याशी गोड कसं बोलाचं?"

पुंडलिकरावांना हसू आलं. दातून तर दातून. चावलेल्या काडीचं झाड होतं असं कोणी ऐकलं आहे? पण गुणवंता टोकाचं बोटभर तेवढं चावत होता. मागची चार बोटं काडी गालात जपलेली. काडी ओली राखायला तोंडासारखी जागा नाही. घासत घासत तो वाफ्याकडे जाई, आणि पाटलांच्या पाठीमागे पाच डोळे पाच जंबेऱ्यांवर चढत. आठ दिवसांत आठ दातुनं झाली. दोनशे रोपांत ती चाळीस अशी मिसळली की मागून त्यालाही दाखवता आली नसती. निघताना फाटकापाशी पुंडलिकरावांनी त्याची घोंगडी झटकली, पागोटं सोडायला लावलं. काही निघालं नाही.

"दोन-चार रोपं आपल्या बगिच्यात ठेवा, पाटील," गुणवंता जाता जाता म्हणाला.

"जागा कुठं हाय? सारी विकतो."

आणि पावसाळ्यात विकलीच. एक गाडी वरूडकडे गेली, एक नागपूरकडे, वीस रोपं भगवंतरावांनी बोरगावला नेली. रोपं पुंडलिकरावांनी स्वतःच्या हातानं गाड्यांत भरली. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. त्याच आठवड्यात विहिरीजवळचं झाड वाळलं. पुंडलिकराव बरेच दिवस खाटेवर बसून राहिले. खाली सावलीही उरली नव्हती.

पाच हिवाळे गेले. सहाव्या संक्रांतीला भगवंतराव टोपलीत चार संत्री घेऊन आले. "वीस झाडांतली पाच झाडं वेगळीच निघाली. चाखून पाहा."

पुंडलिकरावांनी फोड तोंडात घातली आणि बोलणं विसरले. तळहातावर दोन बिया पडल्या. त्या दिवसांत गुणवंता गावातच डोळे बांधत होता. त्याला बोलावणं गेलं.

"गुणवंता! मारोतीची शपथ मोडली लेका तू!"

"म्या? फाटकाबाहेर कोनं नेलं? गाड्या कोनं भरल्या?"

पुंडलिकरावांना ते दातून आठवलं. त्यांनी पायातली वहाण काढली, हातात धरली, आणि पुन्हा पायात घातली.

"एक झाड तरी मले ठेवाचं होतं रे," ते हळूच म्हणाले.

"ठेवा म्हनलो होतो. तुमीच म्हनले, जागा नाई."

भगवंतराव हसले. "काडी पाहिजे का, पुंडलिकराव? या घरी. विरजणाले अन् काडीले आमी नाई म्हनत नसतो."

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव बोरगावला गेले. जाताना गुणवंतानं त्यांना बजावून सांगितलं होतं, "काडी वाऱ्यानं सुकते, पाटील. तोंडातच धरा. अन् वाटेत बोलू नका, हवा लागते."

सौसरच्या बाजारातून, गाडीरस्त्यानं, नाल्यावरून पुंडलिकराव पाटील बैलांच्या दमणीत ताठ बसून आले. गालात काडी, ओठ मिटलेले. लोक हाका मारत, "राम राम पाटील, कुठून?" आणि ते नुसती मान हलवत. सारा तालुका पाहत राहिला.

फाटकात गुणवंता चाकूला धार लावत बसला होता. पुंडलिकरावांनी काडी काढून त्याच्या हातावर ठेवली. गुणवंतानं डोळे मोजले, पाचही शाबूत. मग झोळीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आपल्या काड्या काढल्या आणि ती काडी त्यांच्यात ठेवली.

पुंडलिकरावांनी ते ओलं फडकं चाचपून पाहिलं.

"फडक्यात राहते काय रे काडी?"

"राहते तं, पाटील," गुणवंता म्हणाला. "चांगली चार दिवस राहते."